सोनी बीएमजी रूटकिट प्रकरण

संगीताच्या सीडीबरोबर ग्राहकांच्या संगणकात नक्कलप्रतिबंधक सॉफ्टवेअर गुपचूप उतरवल्यावरून ‘सोनी बीएमजी म्युझिक एंटरटेनमेंट’ या कंपनीविरुद्ध २००५ ते २००७ या काळात, मुख्यतः अमेरिकेत, झालेले दावे, सरकारी कारवाया आणि तडजोडी यांना मिळून हे नाव रूढ झाले आहे. जपानची सोनी आणि जर्मनीची बर्टेल्समन यांनी आपापले संगीत-व्यवसाय एकत्र करून २००४ मध्ये ही कंपनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत काढली होती. वादात सापडलेली सॉफ्टवेअरे दोन : ब्रिटनच्या ‘फर्स्ट फोर इंटरनेट’चे एक्ससीपी आणि अमेरिकेतील ॲरिझोनाच्या ‘सनकॉम’चे मीडियामॅक्स. बदनाम झाले ते पहिले. जास्त पसरले होते ते दुसरे.

‘रूटकिट’ हा संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रातला जुना शब्द. युनिक्स प्रणालीत सर्वाधिकार असलेल्या खात्याला ‘रूट’ म्हणतात. तो अधिकार एकदा हाती आला, की आपला मागमूस लपवून तिथेच ठाण मांडून बसायला घुसखोर जी साधने वापरतो, ती म्हणजे रूटकिट. एका प्रतिष्ठित कंपनीने दुकानात पैसे घेऊन विकलेल्या वस्तूत ही घुसखोरांची युक्ती सापडली, म्हणून प्रकरण एवढे गाजले.

सीडीला मुळात कुलूपच नव्हते. फिलिप्स आणि सोनी यांनीच १९८० मध्ये ध्वनी-सीडीचे मानक ठरवले, तेव्हा घरोघरी सीडीची नक्कल करता येईल असे कुणाच्या मनातही नव्हते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सीडी ‘बर्न’ करणारे ड्राइव्ह स्वस्त झाले, १९९९ मध्ये इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवून घेऊ देणारे नॅपस्टर आले आणि संगीत-कंपन्यांची झोप उडाली. मग जुन्या मानकात नवे कुलूप बसवण्याची खटपट सुरू झाली. काही सीडींवरची माहिती मुद्दाम बिघडवून पाहिली. २००२ मध्ये लोकांनी सीडीच्या कडेला साध्या मार्करने रेघ ओढून तो उपाय मोडीत काढला. असल्या सीडींवर मूळ बोधचिन्ह छापू नये, कारण त्या मानकात बसतच नाहीत, असे खुद्द फिलिप्सनेच बजावले. २००३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधक-विद्यार्थी जे. ॲलेक्स हॅल्डरमन याने मीडियामॅक्सच्या तेव्हाच्या आवृत्तीवर उतारा दाखवला : सीडी घालताना ‘शिफ्ट’ची कळ दाबून धरायची. सनकॉमने त्याच्यावर एक कोटी डॉलरचा दावा ठोकण्याची धमकी दिली आणि हसे झाल्यावर ती मागे घेतली.

‘शिफ्ट’च्या कळीने कुलूप का उघडते, यातच पुढच्या सगळ्या भानगडीचे मूळ आहे. सीडीवरची गाणी कुठल्याही सीडी-प्लेअरला वाचता यायलाच हवीत. ती कुलूपबंद करता येत नाहीत. म्हणून कुलूप सीडीला न लावता ग्राहकाच्या संगणकाला लावायचे, अशी ही योजना. सीडीवर गाण्यांच्या पुढे संगणकासाठी वेगळा विभाग ठेवलेला असे. विंडोजमध्ये सीडी घातली, की त्यातला प्रोग्रॅम ‘ऑटोरन’मुळे आपोआप चालू होई, ‘शिफ्ट’ दाबले, की ऑटोरन थांबे. एकदा बस्तान बसले, की हे सॉफ्टवेअर सीडी-ड्राइव्ह आणि बाकीचे प्रोग्रॅम यांच्या मध्ये पहारेकरी होऊन बसे. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने गाणी उतरवून घ्यायचा प्रयत्न केला, तर त्याच्या हाती नुसती खरखर लागे. सीडीबरोबर येणाऱ्या प्लेअरमधून मात्र तीन प्रती काढता येत. ॲपलच्या आयपॉडवर ही गाणी सरळ मार्गाने चढतच नसत.

ग्राहकाने पहारेकऱ्याला हाकलून देऊ नये म्हणून एक्ससीपीने त्याला अदृश्य केले. विंडोजच्या गाभ्यात शिरून त्याने एक नियम घातला : डॉलरचे चिन्ह, मग एस-वाय-एस ही तीन अक्षरे, मग पुन्हा डॉलरचे चिन्ह, अशी ज्याच्या नावाची सुरुवात असेल ती प्रत्येक फाइल, प्रक्रिया (चालू असलेला प्रोग्रॅम) आणि रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोज आपल्या मांडणीचा तपशील ठेवते त्या नोंदवहीतील, नोंद कुणालाच दिसू नये. संगणकाच्या मालकालाही नाही, व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रॅमलाही नाही. ती फाइल आपली आहे की परक्याची, हे मात्र एक्ससीपी पाहत नव्हते.

हे उघडकीला आणले मार्क रुसिनोविच या विंडोजच्या तज्ज्ञाने, ३१ ऑक्टोबर २००५ रोजी. रूटकिट हुडकणारे स्वतःच लिहिलेले साधन तो आपल्याच संगणकावर तपासत होता आणि तिथे त्याला लपवलेले फोल्डर सापडले. माग काढता काढता तो व्हॅन झँट बंधूंच्या अल्बमच्या सीडीपर्यंत पोहोचला. ती त्याने रीतसर विकत घेतली होती. खात्री करून घ्यायला त्याने विंडोजमधल्या साध्या ‘नोटपॅड’ची एक प्रत केली आणि तिच्या नावाआधी ती पाच चिन्हे जोडली, प्रत डोळ्यांदेखत दिसेनाशी झाली. या सॉफ्टवेअरने विंडोजच्याच एखाद्या भागासारखे वाटावे असे नाव धारण केले होते आणि दर दोन सेकंदांनी ते चालू असलेले सगळे प्रोग्रॅम चाचपत होते. काढून टाकण्याची सोय कुठेच नव्हती. रुसिनोविचने हाताने उपटून काढले, तेव्हा संगणकातून सीडी-ड्राइव्हच गायब झाला. तो परत आणायला त्याला रजिस्ट्रीत आणखी उलथापालथ करावी लागली. इतक्या मुरलेल्या माणसाची ही गत, तर सामान्य ग्राहकाने काय केले असते, हा प्रश्न पुढे प्रत्येक दाव्यात या ना त्या रूपात आला. फिनलंडच्या एफ-सिक्युअर या कंपनीला हा प्रकार आधीच कळला होता आणि ऑक्टोबरमध्ये तिने सोनी बीएमजीला कळवलेही होते. त्या इशाऱ्याने काही हलले नाही.

कंपनीने पुढे जे केले, त्याने आगीत तेलच पडले. तिच्या डिजिटल व्यवसायाचे प्रमुख थॉमस हेस ४ नोव्हेंबरला अमेरिकी सार्वजनिक रेडिओवर म्हणाले, की रूटकिट म्हणजे काय हेच बहुतेकांना ठाऊक नसते, मग त्यांनी त्याची फिकीर का करावी? हे वाक्य आजही सुरक्षेच्या वर्गांत दाखल्यासारखे सांगितले जाते. सॉफ्टवेअर काढून टाकायचे तर संकेतस्थळावर अर्ज भरा, ईमेलची वाट पाहा, मग पुन्हा अर्ज भरा, असा सरकारी कचेरीला लाजवणारा मार्ग ठेवला होता. त्यातही ते काढण्यासाठी दिलेले साधनच संगणकाला भगदाड पाडून जात होते : कुठल्याही संकेतस्थळाला त्या संगणकावर हवा तो प्रोग्रॅम चालवता येईल, हे प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन आणि हॅल्डरमन यांनी १५ नोव्हेंबरच्या सुमारास दाखवून दिले. त्याआधीच, १० नोव्हेंबरला, एक्ससीपीच्या आडोशाला दडणारा पहिला ट्रोजन, म्हणजे साळसूद रूप घेऊन संगणकात शिरणारा घातक प्रोग्रॅम, फिरू लागला होता. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात लबाडी करणाऱ्यांनीही आपले प्रोग्रॅम त्याच आडोशाला ठेवले. अमेरिकी गृहसुरक्षा खात्याचे एक वरिष्ठ अधिकारी स्ट्युअर्ट बेकर यांनी संगीत-उद्योगाला जाहीर सुनावले, की बौद्धिक संपदा तुमची असेल, पण संगणक तुमचा नाही. ज्या माध्यमात सॉफ्टवेअर असण्याची अपेक्षाच नाही, उदाहरणार्थ ध्वनी-सीडी, त्यातून ते संगणकात घेऊ नका, असा सल्ला अमेरिकेच्या संगणक-आपत्ती पथकाने दिला. सरकारी सल्ल्यात गाण्यांची सीडी धोक्याची वस्तू म्हणून यावी, ही नामुष्की काही लहान नव्हती. ११ नोव्हेंबरला कंपनीने एक्ससीपीचे उत्पादन थांबवले आणि पाठोपाठ सीडी परत मागवून बदलून देण्याचे जाहीर केले.

तोवर ५२ अल्बमच्या सुमारे ४७ लाख एक्ससीपी-सीडी दुकानांत गेल्या होत्या आणि २१ लाखांच्या आसपास विकल्या गेल्या होत्या. मीडियामॅक्स असलेल्या सीडींची संख्या दोन कोटींच्या घरात होती. सीडी परत मागवल्यानंतरही न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल (राज्याचे प्रमुख कायदा अधिकारी) एलियट स्पिट्झर यांच्या तपासनिसांना गिऱ्हाईक बनून गेल्यावर दुकानांत त्या सर्रास विकत मिळाल्या. गायकांचीही पंचाईत झाली. नील डायमंड यांचा नवा अल्बम ऐन विक्रीच्या दिवसांत दुकानांतून उचलावा लागला. ‘स्विचफूट’ या बँडच्या सदस्याने तर कुलूप कसे टाळावे हे चाहत्यांना स्वतःच सांगितले.

दाव्यांचा सगळा भर संमतीवर होता. संगीत-कंपनीला नक्कल रोखण्याचा हक्क आहे की नाही, हा मुद्दा कुणी फारसा काढलाच नाही. सीडी घातल्यावर पडद्यावर परवाना-करार येई आणि ‘मान्य’ म्हटल्याशिवाय गाणी वाजत नसत. त्या लांबलचक मजकुरात लिहिले होते, की एक छोटा प्रोग्रॅम संगणकावर बसेल आणि काढून टाकेपर्यंत राहील. तो लपून राहील आणि काढता येणार नाही, हे लिहिलेले नव्हते. उलट इतर अटी वाचण्यासारख्या होत्या : घरात चोरी होऊन सीडी गेली, तर संगणकावरच्या प्रती पुसून टाकायच्या, दिवाळे निघाले तरी पुसायच्या, आणि काही नुकसान झालेच, तर कंपनीची जबाबदारी पाच डॉलरपुरती. मीडियामॅक्सची तऱ्हा आणखी वेगळी. ‘मान्य नाही’ म्हटले तरी त्याच्या फाइली संगणकात उतरत, काही वेळा कायमच्या. नकाराला अर्थच नसेल, तर होकाराला काय किंमत, हा वादींचा युक्तिवाद इथे बिनतोड होता. शिवाय कोणती सीडी वाजते आहे ही माहिती प्लेअर कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवत असे, तेही करारात असे काही होत नसल्याचे सांगून.

पहिले दावे नोव्हेंबर २००५ मध्येच कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये दाखल झाले. २१ नोव्हेंबरला दोन मोठ्या कारवाया एकाच दिवशी झाल्या. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या नागरी हक्कांच्या संस्थेने कॅलिफोर्नियात ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा लावला, त्यात मीडियामॅक्सही ओढले. टेक्सासचे ॲटर्नी जनरल ग्रेग ॲबट यांनी त्याच वर्षी झालेल्या हेरगिरी-सॉफ्टवेअरविरोधी कायद्याखाली कंपनीला कोर्टात खेचले. त्या कायद्यात प्रत्येक उल्लंघनामागे एक लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद होती. भामट्यांसाठी केलेल्या कायद्याचा बडगा जगातल्या बड्या संगीत-कंपनीवर उगारला गेला. कॅनडातही सामूहिक दावे झाले. इटलीत एका नागरी हक्क संघटनेने थेट आर्थिक गुन्ह्यांच्या पोलिसांकडे तक्रार दिली.

अमेरिकेतील ग्राहकांचे दावे न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश नाओमी राइस बुकवाल्ड यांच्यापुढे एकत्र आले. खटला उभा राहिलाच नाही. डिसेंबर २००५ अखेर तडजोड ठरली आणि २२ मे २००६ रोजी तिला अंतिम मंजुरी मिळाली. एक्ससीपीची सीडी घेतलेल्याला साधी सीडी बदलून, शिवाय साडेसात डॉलर रोख आणि एक अल्बम मोफत उतरवून घेण्याची मुभा. रोख नको असेल तर तीन अल्बम. मीडियामॅक्सवाल्यांना याहून कमी : नव्या आवृत्तीसाठी गाण्यांच्या एमपी३ प्रती आणि एक अल्बम, जुन्या आवृत्तीसाठी नुसत्या एमपी३ प्रती. गंमत अशी, की ज्या मोकळ्या फाइलींना घाबरून एवढा खटाटोप केला, त्याच फाइली भरपाई म्हणून वाटाव्या लागल्या. रक्कम किरकोळ होती, हे उघड आहे. तडजोडीतला खरा जोर इतर अटींत होता. ही दोन सॉफ्टवेअरे कंपनीने पुन्हा वापरायची नाहीत; २००७ अखेरपर्यंत नवे काही आणलेच, तर ते आधी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचे, काढून टाकण्याचे साधन द्यायचे, आणि करार साध्या भाषेत लिहायचा.

राज्यांनी मात्र पैसे मोजून घेतले. डिसेंबर २००६ मध्ये टेक्सास आणि कॅलिफोर्निया यांना प्रत्येकी साडेसात लाख डॉलर मिळाले. त्याच आठवड्यात आणखी सुमारे ४० राज्यांशी मिळून ४२.५ लाख डॉलरची तडजोड झाली. सॉफ्टवेअर काढताना ज्यांचे संगणक बिघडले, त्यांना दुरुस्तीसाठी १७५ डॉलरपर्यंत भरपाई कबूल झाली. ३० जानेवारी २००७ रोजी फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या केंद्रीय संस्थेशीही समेट झाला. संगणकात सॉफ्टवेअर उतरणार असेल तर ते वेष्टनावर ठळकपणे सांगायचे आणि संगणकातून गोळा केलेल्या माहितीवर जाहिराती चालवायच्या नाहीत, या त्यातल्या मुख्य अटी. सगळेच समेटात मिटल्यामुळे असे सॉफ्टवेअर बेकायदा आहे की नाही, याचा निवाडा या दाव्यांत कधी झाला नाही. वकील मंडळी हा दाखला देतात तो तडजोडींचा; निकाल म्हणून पुढे करण्यासारखे त्यात काही नाही.

या प्रकरणाची एक बाजू अगदीच विनोदी आहे. नक्कल रोखणाऱ्या एक्ससीपीतच दुसऱ्यांचा कोड सापडला : ‘लेम’ या खुल्या एमपी३ प्रोग्रॅमचा आणि ‘व्हीएलसी’ प्लेअरचा, तोही त्यांच्या परवान्याच्या अटी न पाळता. जुलै २००७ मध्ये सोनी बीएमजीने मीडियामॅक्स पुरवणाऱ्या कंपनीवर, म्हणजे नाव बदललेल्या सनकॉमवर, १.२ कोटी डॉलरचा दावा लावला. सदोष माल दिला, ही तक्रार.

संशोधकांवर मात्र वेगळीच टांगती तलवार होती. कुलूप तोडणे हाच अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने गुन्हा ठरवलेला, त्यामुळे फेल्टन आणि हॅल्डरमन यांना एक्ससीपीतला दोष दिसूनही आधी वकिलांचा सल्ला घेत बसावे लागले. नोव्हेंबर २००६ मध्ये सीडीवरच्या अशा धोकादायक कुलपांच्या सुरक्षा-तपासणीसाठी त्या कायद्यातून तात्पुरती सूट मिळाली. जानेवारी २००८ मध्ये सोनी बीएमजीने गाणी कुलपाविना एमपी३ स्वरूपात विकण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी सोनीने भागीदाराचा निम्मा हिस्सा विकत घेतला.

त्या काळच्या सीडी जुन्या बाजारात अजून सापडतात. ओळखायची खूण अशी, की डबीच्या दर्शनी भागावर डाव्या कडेच्या पारदर्शक पट्टीत मजकूर संरक्षित असल्याचे इंग्रजीत उभे छापलेले असते आणि मागच्या चौकटीतल्या संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी एक्ससीपी ही अक्षरे असतात. साध्या सीडी-प्लेअरवर त्या निर्धास्त वाजतात.