पार्श्वभूमी : नॉर्वेची खेळाडू आणि चारशेच्या पुढचा आकडा

महिला टेनिसच्या निकालाच्या बातमीत ‘नॉर्वेची बिगरमानांकित खेळाडू’ एवढाच उल्लेख असतो आणि शेजारी जागतिक क्रमवारीतला चारशेच्या पुढचा एखादा आकडा. मानांकन आणि क्रमवारी हे शब्द आपल्या क्रीडापानांवर एकमेकांच्या जागी सर्रास येतात, म्हणून आधी तेवढं वेगळं करू. मानांकन त्या-त्या स्पर्धेपुरतं, क्रमवारी मागच्या 52 आठवड्यांची. सोलापूर किंवा नवी मुंबईच्या स्पर्धेतली अव्वल मानांकित मुलगी जागतिक क्रमवारीत दोनशेच्या बाहेर असू शकते. नॉर्वेची ही खेळाडू त्याच शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर आहे. तिची कारकीर्द नुसत्या आकड्यावरून वाचायला गेलं तर फसगत होते, कारण गेल्या काही वर्षांत शिडीच दोनदा बदलली.

नॉर्वेकडे परंपराच नाही असंही नाही. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीचं कांस्यपदक नॉर्वेच्या खेळाडूने जिंकलं होतं. पुढे ती अमेरिकेत गेली, न्यूयॉर्कमध्ये मसाज करून पोट भरलं आणि 1915 ते 1926 या काळात अमेरिकेचं एकेरीचं विजेतेपद आठ वेळा पटकावलं. आजही हा विक्रम आहे. पण मोठं होण्यासाठी तिला देश सोडावा लागला, आणि खेळाडूने बाहेर पडायचं हे गणित तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. थंडीचे महिने छपराखालच्या कोर्टवर जातात, उन्हाळा तोकडा, घरच्या मातीवर भरणाऱ्या स्पर्धा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिवाय अलीकडे त्या देशाचा एक पुरुष खेळाडू 2022 मध्ये दोन ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत गेला आणि जगात दुसऱ्या क्रमांकावर पोचला. नॉर्वेचं टेनिस म्हटलं की सगळ्यांच्या नजरा तिकडे जातात, मुलींची शिडी कुणी पाहत नाही.

ही शिडी सुरू होते ट्युनिशियातलं मोनास्तिर, तुर्कस्तानातलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल-शेख अशा ठिकाणी. किनाऱ्यावरचं हॉटेल, त्याची कोर्ट्स आणि आठवड्यामागून आठवडे त्याच जागी 15 हजार डॉलरची स्पर्धा. ही रक्कम अख्ख्या स्पर्धेची. एकेरीच्या विजेतीच्या हाती त्यातले सुमारे 2,350 डॉलर यायचे, तेही कर कापण्याआधी; मुख्य ड्रॉच्या, म्हणजे पात्रता फेरीनंतरच्या खऱ्या स्पर्धेच्या, पहिल्या फेरीत हरलेलीला दीडशेच्या आत. खोलीचं भाडं त्याच हॉटेलला, रॅकेटच्या तारा बदलण्याचे पैसे वेगळे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानेच 2013 च्या आकडेवारीवर केलेल्या अभ्यासात दिसलं होतं की प्रशिक्षकाचा खर्च धरला नाही तरी जमाखर्चाची तोंडमिळवणी महिलांमध्ये साधारण 250 व्या क्रमांकाच्या आसपास होते. त्याखालच्या सगळ्या जणी घरचं घालून खेळतात. बक्षीस डॉलरमध्ये असतं, त्यामुळे 2014 नंतर क्रोन घसरला तेव्हा नॉर्वेच्या खेळाडूंना कागदावर थोडी बरकत आली. पण विमानं आणि हॉटेलंही क्रोनमध्ये नव्हती.

शिडीतला पहिला बदल म्हणजे याच अभ्यासातून निघालेला 2019 चा निर्णय, आणि सगळा वाद झाला तो त्यावर. त्यातला अडचणीचा शब्द म्हणजे ‘व्यावसायिक’. वर्षाला सुमारे 14 हजार स्त्री-पुरुष या स्पर्धा खेळतात आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना एक डॉलरही मिळत नाही, हे पाहून महासंघाने ठरवलं की खरे व्यावसायिक पुरुषांत आणि महिलांत प्रत्येकी साडेसातशेच असावेत. बाकीच्यांसाठी व्यावसायिक होण्याच्या वाटेवरची वेगळी पातळी. त्यानुसार जानेवारी 2019 पासून 15 हजारी स्पर्धांत जागतिक क्रमवारीचे गुण मिळणं बंद झालं. त्याऐवजी महासंघाचे वेगळे गुण, वेगळी यादी. पात्रता फेरीचा ड्रॉही 24 जणींवर आणला.

हेतू वाईट होता असं म्हणता येत नाही. खालच्या स्तरावर सट्टेबाजी आणि सामनेनिश्चितीची कीड लागल्याचं 2018 च्या स्वतंत्र चौकशीने स्पष्ट सांगितलं होतं, आणि ज्याला खेळून पोट भरता येत नाही त्याला विकत घेणं सोपं असतं. पण औषधच रोग्याला बाधलं. काल सातशेवी, आठशेवी असलेली मुलगी आज जागतिक यादीतून गायब. दोन याद्या, एकीचे गुण दुसरीला चालत नाहीत, आणि पात्रता फेरीत नाव लागेल की नाही याची खात्री नसताना तिकीट काढायचं. मोठ्या देशांतल्या मुलींना घरच्या स्पर्धांचं वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांनी दिलेला थेट प्रवेश, तरी होतं. नॉर्वेसारख्या देशातल्या मुलीला पहिल्या गुणासाठीही बहुतेकदा परदेशात जावं लागतं, आणि तिथे दारच अरुंद केलेलं. वरच्या दोनशेंना या निर्णयाने ओरखडाही उठला नाही, हे त्या वेळच्या समर्थनाच्या लेखांमध्ये शोधूनही सापडत नाही.

खेळाडूंनी सह्यांची मोहीम काढली, ओरड झाली आणि ऑगस्ट 2019 मध्ये माघार घ्यावी लागली. 15 हजारी स्पर्धांचे गुण परत जागतिक क्रमवारीत धरले गेले, तेही मागच्या तारखेपासून. याचा परिणाम त्या काळच्या जवळपास प्रत्येक कारकिर्दीच्या आलेखावर दिसतो: 2019 च्या आरंभी कडा तुटल्यासारखी घसरण आणि ऑगस्टात एका सोमवारी शेकडो क्रमांकांची उडी. सोमवारी नवी क्रमवारी लागते; त्या उडीसाठी खेळाडूने बहुधा एकही सामना जिंकलेला नसतो. हे माहीत नसलं की ‘2019 मध्ये जोरदार पुनरागमन’ अशी वाक्यं लिहिली जातात.

पाठोपाठ मार्च 2020 मध्ये स्पर्धाच थांबल्या, क्रमवारी गोठवली गेली. ऑगस्टमध्ये खेळ सुरू झाल्यावरही जुने गुण बराच काळ धरले जात होते. ज्या वर जाऊन बसल्या होत्या त्या तिथेच राहिल्या. खालच्यांनी जिंकूनही आकडा हलेना.

दुसरा बदल 2024 चा, आणि त्याने नावांचा गोंधळ घातला. तोवर स्पर्धेच्या नावातला आकडा बक्षिसाचे हजार डॉलर दाखवायचा. आता तो विजेतीला मिळणारे गुण दाखवतो. त्यामुळे पूर्वीची 25 ची स्पर्धा 35 ची झाली, पण त्या वर्षी बक्षीस मात्र 25 हजारच. नाव वाढलं म्हणून बढती समजू नये, उलट विजेतीचे गुण 50 वरून 35 वर आले. सर्वांत खालच्या 15 च्या स्पर्धेत मात्र ते 10 वरून 15 झाले. क्रमवारीसाठी एकेरीच्या सर्वोत्तम 16 ऐवजी 18 स्पर्धा धरायला लागले तेही त्याच वर्षी. जिला जास्त प्रवास परवडतो तिला ते सोयीचं. 2022 मधली 450 वी आणि 2024 मधली 450 वी यांची तुलना करायला हरकत नाही, पण हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

एकेरीत अडकलेल्यांसाठी दुहेरी ही मागच्या दाराची वाट असते. 2022 च्या फ्रेंच ओपनमध्ये मिश्र दुहेरीचा अंतिम सामना नॉर्वेच्या एका खेळाडूने बेल्जियन जोडीदारासोबत खेळला. जपानी-डच जोडीने त्यांना सरळ सेटमध्ये हरवलं. नॉर्वेची ती खेळाडूही याच लहान स्पर्धांमधून वर आलेली. मिश्र दुहेरीच्या निकालाचे क्रमवारीत गुण धरले जात नाहीत, त्यामुळे त्या पंधरवड्यातली ती धाव तिच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.