गवत वाढलं आणि फुलपाखरू गेलं

ब्रिटनमधलं 'लार्ज ब्लू' हे निळं फुलपाखरू दुर्मीळ होऊ लागलं, तेव्हा संशय गेला संग्राहकांवर. म्हणून काही कुरणांना कुंपणं घातली गेली. जाळीवाले थांबले, पण चरणारी गुरंही थांबली. त्यातच १९५०च्या दशकात मिक्सोमॅटोसिसच्या साथीने ससे पटापट मेले. गवत माजलं. १९७९ साली फुलपाखरू ब्रिटनमधून नामशेष झालं.

कारण शोधलं ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी. १९७२पासून ते शेवटच्या वसाहतींवर ठाण मांडून बसले होते. या फुलपाखराची मादी रानथाइम या सुगंधी झुडपाच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी तीनेक आठवडे फुलं खाते आणि मग चक्क जमिनीवर पडून राहते. लाल मुंगी आली की अंगातून गोड थेंब सोडते, अंग फुगवते. मुंगीला वाटतं, आपलीच अळी वाट चुकली! ती तिला उचलून वारुळात नेते. तिथे ही पाहुणी दहाएक महिने मुंग्यांच्याच अळ्यांवर ताव मारते.

मुंगी मात्र मिर्मिका सॅब्युलेटी याच जातीची हवी, आणि तिला हवी उबदार जमीन. गवत दोन-तीन बोटांच्या वर गेलं की सावलीने माती दोन-तीन अंशांनी थंड होते, ही मुंगी काढता पाय घेते आणि दुसऱ्या जातीची मुंगी तिथे येते. वर थाइम फुललेलं, अंडीही घातलेली, पण खाली मुंगी भलतीच. (माळरानावर झाडं लावून ते 'हिरवं' करायचा सोस आपल्याकडेही आहे. त्या सावलीने काय हुसकावलं जातं, हे फारसं कुणी बघत नाही.)

१९८३मध्ये स्वीडनमधून अळ्या आणून फुलपाखरू पुन्हा वसवलं गेलं. फुलपाखरांच्या मोजणीसाठी ब्रिटनमध्ये १९७६पासून एक राष्ट्रीय योजना आहे. शास्त्रज्ञ अर्नेस्ट पोलार्ड यांनी घालून दिलेल्या पद्धतीने, मुख्यतः स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारी. एप्रिल ते सप्टेंबर, दर आठवड्याला त्याच वाटेने संथ चालायचं आणि डावी-उजवीकडे अडीच-अडीच मीटरमध्ये दिसतील तेवढीच फुलपाखरं मोजायची. हवा गार असेल तर जायचं नाही. एकही दिसलं नाही, तर शून्य लिहायचं. माझ्या मते सगळ्यात मोलाची नोंद हीच. हौशी माणूस नेमकी तीच गाळतो.

अर्थात आकडा घट दाखवतो, कारण सांगत नाही. त्यासाठी गुडघे टेकून मुंग्याच बघाव्या लागतात. आता या फुलपाखराच्या कुरणांत गुरं सोडताना आधी गवताची उंची पाहतात.