२२० वॅटचं कार्ड आणि सेकंदाचा दहाहजारावा भाग

माझ्या भाच्याने कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं काढणारं कार्ड, बसवलं आणि गेम लावला की कॉम्प्युटर बंद पडायला लागला. कशाने, याचे तीन निकाल आधीच लागले होते. सीताबर्डीतल्या दुकानदाराचा फोनवरचा निकाल : "पीस खराब आहे, पाठवून द्या, पंधरा दिवस लागतील." जावईबापूंचा निकाल : उन्हाळा. नागपूरचा मे महिना, खोलीत ४० अंश, त्यात ही भट्टी, बंद पडणारच. ताईच्या सासूबाईंचा निकाल : एवढी महागाची वस्तू शेजारच्या चार पोरांना बोलावून दाखवली, दृष्ट लागली. त्यांनी नुसता निकाल दिला नाही, अंमलबजावणीही केली. कॅबिनेटच्या मागे दोऱ्यात ओवलेलं लिंबू-मिरची लटकत होतं.

"मामा, डेस्कटॉपवर चार तास चालते. पिच्चर पाहा, काही नाही होत. गेम चालू केला की पाच सेकंदात खट्ट, सारं बंद," भाचा म्हणाला. "अन् बटण दाबलं तरी उठून नाही राहिला. मागचा स्विच बंद-चालू केला की मग उठते."

हे शेवटचं वाक्य त्याने सहज टाकलं होतं. मला तेच सर्वांत मोलाचं वाटलं.

नवं कार्ड बसवल्यावर येणाऱ्या बहुतेक अडचणी साध्या असतात. मॉनिटरची केबल सवयीने मदरबोर्डलाच लावलेली असते, कार्ड स्लॉटमध्ये पुरतं बसून खटका लागलेला नसतो, पॉवरची पिन अर्धवट असते, जुना ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, तसाच राहिलेला असतो. हे सगळं त्याने तपासलं होतं. विंडोजच्या नोंदीत 'कर्नल-पॉवर ४१' सापडला म्हणून तो घाबरलाही होता. पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद न होता बंद पडलं. ते आपल्याला दिसलंच होतं.

उष्णतेचं म्हणाल, तर कार्ड तापलं की आधी स्वतःचा वेग कमी करतं, गेम अडखळायला लागतो, पंखे बोंबलतात. बंद पडण्याची पाळी त्यानंतर, आणि तापायला वेळ लागतो. पाच सेकंदांत कोणी तापत नाही. पडदा काळा झाला पण पंखे फिरत राहिले, असं असतं तर मी कार्डाकडे किंवा ड्रायव्हरकडे पाहिलं असतं. इथे पंखे, दिवे, सगळंच एका क्षणात गेलं, आणि मागचा स्विच फिरवल्याशिवाय उठलं नाही. वीज देणाऱ्या डब्याने, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात त्याने, स्वतःहून कुलूप लावून घेतल्याची ही खूण आहे. अनेक एसएमपीएसमध्ये संरक्षण एकदा पडलं, की मुख्य वीज काढून पुन्हा दिल्याशिवाय ते उघडत नाही.

"पण मामा, हिशोब तर बसते!" भाच्याने कागद पुढे केला. एसएमपीएस ५०० वॅटचा. कार्ड २२० वॅट, प्रोसेसर ९०, बाकी किरकोळ ५०. बेरीज ३६०. शिवाय स्लॉटमधून ७५ आणि आठ पिनांच्या दोन केबलींतून १५०-१५०, म्हणजे वाटही ३७५ वॅटची. शाळेच्या गणितात पैकीच्या पैकी मार्क.

चूक बेरजेत नव्हती. चूक २२० या आकड्याचा अर्थ लावण्यात होती. ती सरासरी आहे.

त्याच्या कार्डावरच्या चिपमध्ये १,७४० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. ट्रान्झिस्टर नुसता बसून असतो तेव्हा फार थोडी वीज खातो. खातो ती शून्याचा एक आणि एकाचा शून्य करताना. प्रत्येक बदलात एक अतिसूक्ष्म लोटी विद्युतभाराने भरायची आणि जमिनीत ओतायची. लोटी केवढी, तिच्यात किती व्होल्टपर्यंत भरायचं आणि सेकंदाला किती वेळा, यावर खर्च ठरतो. सूत्रात धारकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले वारंवारता. वारंवारता सेकंदाला पावणेदोनशे कोटींच्या घरात. व्होल्टेज साधारण एक व्होल्ट. आता पाहा, वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. नुसत्या चिपला दीडशे वॅट एका व्होल्टवर द्यायचे, तर प्रवाह दीडशे अँपिअर! तुमच्या घरातल्या एसीच्या एमसीबीवर १६ किंवा २० लिहिलेलं असतं. दीडशे अँपिअरवर वेल्डिंगवाला लोखंड जोडतो. तेवढा प्रवाह इथे नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये शिरतो. हे मला अजूनही पुरतं पचलेलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. वीज वाचावी म्हणून चिपचे जे भाग रिकामे असतात त्यांचे ठोके थांबवले जातात. गेम सेकंदाला ६० चित्रं काढत असेल तर एका चित्राला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात काम येतं, संपतं, वाट पाहिली जाते, पुन्हा येतं. झोपलेले कोट्यवधी ट्रान्झिस्टर एकदम उठतात. बचत जितकी हुशार, तितका उठतानाचा झटका मोठा. कार्ड स्वतःवर लक्ष ठेवतं, २२० च्या वर गेलं की आवरतं. पण त्या आवरण्याला काही मिलिसेकंद लागतात. तोवर ४०० वॅटचा सुळका येऊन गेलेला असतो. घरची बोअरची मोटर सुरू होताना पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि दिवे क्षणभर मंदावतात, तसंच. कारण वेगळं आहे, रूप तेच.

हा सुळका कोणी झेलायचा? पहिल्यांदा कपॅसिटरांनी, म्हणजे विद्युतभार साठवून ठेवणाऱ्या डब्यांनी. एसएमपीएसचं नियंत्रण जागं होऊन जास्त वीज सोडेपर्यंत साठवलेल्या भारावर निभावायचं. समजा कार्डाला वीज देणाऱ्या १२ व्होल्टच्या वाटेवर ३,३०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत आणि २० अँपिअर जादा १०० मायक्रोसेकंदांसाठी ओढले गेले. २० गुणिले ०.०००१ भागिले ०.००३३, म्हणजे ०.६ व्होल्टची घसरण. १२ व्होल्टमध्ये पाच टक्के वरखाली चालतं, आणि १२ चे पाच टक्के म्हणजे नेमके ०.६. काठावर पास! आता हेच कपॅसिटर म्हातारे होऊन निम्म्या धारकतेवर आले असतील तर घसरण १.२ व्होल्ट. मग एसएमपीएसमधली पहारेकरी चिप म्हणू शकते, काहीतरी भयंकर घडलं आहे, आणि कुलूप लावते.

म्हातारे कशाने होतात? उष्णतेने. या कपॅसिटरांत द्रव असतो आणि तो हळूहळू उडून जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य अर्धं, असा ढोबळ नियम आहे. २५ अंशांच्या खोलीऐवजी ४५ अंशांच्या खोलीत तोच डबा चालला तर आयुष्य पावभर. भाच्याचा एसएमपीएस सहा वर्षांचा, म्हणजे सहा नागपुरी उन्हाळे पाहिलेला. तेव्हा जावईबापू अगदीच चूक नव्हते. फक्त त्यांनी दोष या मे महिन्याला दिला, आणि काम आधीच्या पाच मे महिन्यांनी केलं होतं.

"पण सॉफ्टवेअरमध्ये तर २२५ च्या वर कधी नाही गेलं," भाच्याची शेवटची शंका. आकडा दिसला की तो मोजला कसा हे विचारावं, हे आपल्याला २०२४ च्या मे अखेरीस कळायला हवं होतं. नागपुरातल्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने संवेदक बिघडल्याचं सांगितलं. इथला मोजणारा बिघडलेला नव्हता, तो संथ होता. सेकंदाला एकदा डोकावणाऱ्याला सेकंदाच्या दहाहजाराव्या भागातला सुळका कुठून दिसणार?

हा घोळ काही नागपूरचा नाही. २०२० च्या सप्टेंबरात एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आलं तेव्हा अनेकांचे गेम मधेच कोसळत होते. लोकांनी कार्डाच्या पाठीवरचे कपॅसिटर मोजून कुठलं कार्ड चांगलं याचे निकालही लावून टाकले. मग नवा ड्रायव्हर आला आणि बऱ्याच जणांची तक्रार कपॅसिटरला हात न लावता मिटली. पुढे इंटेलने २०२२ मध्ये एसएमपीएससाठी एटीएक्स ३.० ही नियमावली काढली. १६ पिनांची नवी जोडणी असलेल्या, ४५० वॅटच्या वरच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांसाठी क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे, असं त्यात आहे. म्हणजे सुळके येणारच, हे कागदावर मान्य झालं.

आता तपासणी. सॉफ्टवेअरमधून कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणली, गेमला ६० चित्रांची मर्यादा घातली. अर्धा तास चाललं. मर्यादा काढली, पाच सेकंदांत खट्ट. पुन्हा घातली, चाललं. मग त्याच्या मित्राचा ६५० वॅटचा एसएमपीएस उसना आणला आणि दोन आठ-पिनी जोडण्यांना दोन वेगळ्या केबली दिल्या (एकाच केबलीला दोन तोंडं असतात, तो मोह टाळावा). मर्यादा पुरत्या काढल्या. दोन तास झाले, चालू. जुना डबा उघडून बघू म्हणाला, त्याला मी हात लावू दिला नाही. आत सव्वातीनशे व्होल्टचा कपॅसिटर असतो आणि तो वायर काढल्यावरही भार धरून बसू शकतो.

सासूबाई म्हणाल्या, "लिंबू बांधलं त्यानंतर तीन दिवस बंद नव्हता पडला, हे का नाही लिहीत तुम्ही?" लिहितो. त्या तीन दिवसांत भाच्याचं प्रॅक्टिकल होतं आणि त्याने गेम लावलाच नव्हता. लिंबाचा दोरा मात्र मी सोडवला, पंख्याच्या पात्याला जवळ जवळ लागत होता.

काल मित्राने एसएमपीएस परत मागितला. भाच्याला म्हटलं, खोक्यावरचे वॅट वाचू नको बे, बाजूच्या स्टिकरवरच्या तक्त्याचा फोटो पाठव. त्याने दुकानातून तीन फोटो पाठवले. सर्वांत स्वस्त डब्यावर रंगीत अक्षरांत '१००० वॅट गेमिंग'. तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली २२ अँपिअर. गुणाकार २६४ वॅट. दुकानदार म्हणत होता, "हजारचा टाका, टेन्शन नाही." मधला होता ६५० चा, आणि १२ व्होल्टखाली ५४ अँपिअर. "मामा, हा साडेसहाशेचा हजारवाल्याहून महाग काऊन आहे, असं त्याला विचारू का?" भाच्याचा मेसेज आला.

विचार म्हटलं.