सिलिंडर भरलेला, तरी धाप

सिलिंडरात दीडशे बार (बार म्हणजे दाबाचं एकक) हवा शिल्लक होती, तरी मला वाटलं, संपली. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगला, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन समुद्रात बुडी मारायला, जायच्या आधी घरच्या पाण्यात सराव व्हावा म्हणून मे महिन्यात नागपुरातल्याच एका जलतरण तलावात उतरलो होतो. खोली जेमतेम साडेतीन मीटर. दोन फेऱ्या जोरात मारायच्या होत्या. दुसरीतच छाती भरून आली आणि तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरातली हवा श्वासापुरती देणारी झडप, काढून फेकावासा वाटला. पाण्याखाली!

ही धाप ऑक्सिजन कमी पडल्याची नसते. मेंदू श्वासासाठी घाई करतो ती मुख्यतः रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. त्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद जवळजवळ आठपट लागते. पाठीवरचा सिलिंडर आणि तरंगण्यासाठी हवेने फुगवलेलं जॅकेट पाण्याला आणखी आडवे येतात. फिन्स (पायांत घालायचे रुंद पंख) मारताना मांड्यांचे मोठे स्नायू राबतात आणि हा वायू भराभर तयार करतात. तो बाहेर जायला वाट एकच, रेग्युलेटरची झडप. घाबरलेला माणूस नेमका उथळ श्वास घेतो. मग बरीचशी हवा श्वासनलिकेतच ये-जा करते, वायू साठतो, भीती वाढते, श्वास आणखी उथळ होतो. ३० मीटर खोलीवर आत येणारी हवाच चौपट दाट असते, वर हवेतल्या नायट्रोजनची दाबामुळे येणारी नशेसारखी गुंगी. तिथे हे चक्र आवरणं फार कठीण. हवा वाचवायची म्हणून दोन श्वासांमध्ये दम धरणारे तर ते स्वतःच सुरू करतात.

प्रशिक्षकांनी पंजा दाखवून थांबवलं. हालचाल बंद, लांब उच्छ्वास. पाच-सहा श्वासांत डोकं ठिकाणावर आलं. वर आल्यावर म्हणाले, "काहून घाबरता? घ्यायची घाई सोडा, आधी सोडा ना पूर्ण."

मास्कचीही आपली खोडी असते. काचेमागच्या हवेमुळे वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते. तळाशी पडलेलं वजन उचलताना माझी मूठ दोनदा अलीकडेच मिटली. बाजूचं तर दिसतच नाही, त्यामुळे मन उगाच सावध राहतं.

आणि बाहेर येताच लघवीची धावपळ! पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय, मूत्रपिंडं कामाला लागतात. सिलिंडरातली कोरडी हवा घसा सुकवते ते वेगळंच. तासभर पाण्यात काढून मी माठाशी उभा राहून तीन ग्लास प्यायलो.