एका सेंटची करबुडवेगिरी

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या न्यू ग्लासगो गावात ८ नोव्हेंबर १९४६ च्या संध्याकाळी व्हायोला डेझमंड यांची गाडी बंद पडली. डेझमंड कृष्णवर्णीय होत्या, सौंदर्यप्रसाधनांचा त्यांचा स्वतःचा धंदा होता. दुरुस्तीला वेळ लागणार म्हणून त्या जवळच्या रोझलँड थिएटरात सिनेमाला गेल्या. लांबचं नीट दिसत नसे, म्हणून खालच्या मजल्याचं तिकीट मागितलं. हातात पडलं बाल्कनीचं. आत त्यांना अडवलं तेव्हा त्या खिडकीवर परत आल्या आणि फरकाचे पैसे पुढे केले. 'तुमच्या लोकांना खालचं तिकीट देता येत नाही,' असं उत्तर मिळालं. मग त्या सरळ आत जाऊन खालीच बसल्या. मॅनेजर आणि पोलीस यांनी मिळून त्यांना फरपटत बाहेर काढलं. रात्र कोठडीत गेली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात खटला उभा राहिला तो करबुडवेगिरीचा. खालच्या तिकिटावर करमणूक कर ३ सेंट आणि बाल्कनीच्या तिकिटावर २ सेंट, म्हणजे बाईंनी सरकारचा १ सेंट बुडवला! दंड २० डॉलर, वर खर्चाचे ६. बाजूने वकील नाही. संपूर्ण सुनावणीत वर्णाचा उल्लेख एकदाही झाला नाही. थिएटरात काळे-गोरे वेगळे बसवावेत असा कायदा त्या प्रांतात नव्हताच, त्यामुळे दुसरं काहीतरी शोधणं भाग होतं. पुढे अपील तांत्रिक मुद्द्यावर फेटाळलं गेलं, पण एका न्यायमूर्तींनी निकालपत्रात शंका नोंदवलीच की, मॅनेजरला खरोखर त्या एका सेंटची काळजी होती की कायद्याच्या आडून वर्णभेद राबवायचा होता?

मला या प्रकरणात सगळ्यात बोलकी वाटते ती ही करमणूक कराची गोष्ट. रोजच्या जगण्यातला भेदभाव स्वतःचं नाव क्वचितच सांगतो. तो कधी कराच्या रूपात येतो, कधी मालकीच्या, कधी रिवाजाच्या, आणि हल्ली बहुतेक वेळा 'सॉरी, जागा भरली' अशा गोड शब्दांत. त्यामुळे त्याच्यासमोर उभं राहणाऱ्यांना धैर्याबरोबर आणखी एक काम करावं लागलं, ते म्हणजे समोरच्याची सबब उघडी पाडणं.

महाडचं चवदार तळं आपल्याला पाठ आहे, पण त्यामागचा कागद बरेचदा विसरला जातो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं, प्रत्यक्षात कुणा अस्पृश्याची पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. म्हणजे त्यांनी जे केलं ते नगरपालिकेच्या ठरावाप्रमाणेच होतं. त्यावर आधी लाठ्या बरसल्या आणि नंतर वकील आले. तळं खासगी आहे, पूर्वापार रिवाज आहे, असा दावा लागला. नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. दावा अखेर निकालात निघाला तो १९३७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात फेटाळला गेला तेव्हा. एका ओंजळीसाठी १० वर्षं.

सबब उघडी पाडायला साधी पावतीही पुरते, ती गोष्ट अमेरिकेतली. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबोरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात शिरले. आधी त्यांनी टूथपेस्ट वगैरे किरकोळ वस्तू विकत घेतल्या आणि पावत्या जपून ठेवल्या. मग त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. इथे तुम्हाला मिळणार नाही म्हटल्यावर त्यांचा मुद्दा तयार होता: दोन पावलांवरच्या काउंटरला आमचे पैसे चालले, मग इथे का नाही? याला उत्तर देणं अवघड होतं. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, त्याच्या पुढच्या दिवशी आणखी, आणि बघता बघता हे लोण इतर शहरांत पसरलं. २५ जुलैला काउंटर सगळ्यांसाठी उघडला तेव्हा तिथे पहिल्यांदा बसून जेवले ते त्याच दुकानात राबणारे कृष्णवर्णीय कर्मचारी.

कायदे आले तशा सबबी बारीक होत गेल्या. १९६८ च्या अमेरिकी कायद्याने वंशावरून घर नाकारायला बंदी केली, तेव्हा घरमालक 'रिकामं नाही' म्हणू लागले. एकट्या माणसाला हे खोटं ठरवणं अशक्य. मग जोडीने विचारायची पद्धत आली: आधी कृष्णवर्णीय व्यक्ती चौकशी करते, थोड्या वेळाने गोरी व्यक्ती त्याच घराची चौकशी करते आणि दोघं मिळालेली उत्तरं लिहून ठेवतात. व्हर्जिनियातल्या अशाच एका प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, चौकशीला गेलेल्या कृष्णवर्णीय बाईला घर घ्यायचंच नसलं तरी खोटी माहिती मिळाल्याबद्दल तिला दाद मागता येते. हाच प्रयोग पुढे दोघा अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोत नोकरीच्या अर्जांवर केला. जवळपास ५,००० अर्ज, पात्रता सारखी, फरक फक्त नावांचा. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले: गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली होती. कुणालाही नकाराचं खरं कारण लिहून मिळालं नव्हतं.

या पद्धतीत मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा माणूस. ज्याला कुणी अडवलेलं नाही, तरी जो जाऊन तोच प्रश्न विचारतो आणि मिळालेलं उत्तर शपथेवर सांगतो.

डेझमंड यांच्या बाबतीत हे काम त्यांची धाकटी बहीण वांडा रॉब्सन यांनी केलं, तेही उतारवयात. त्या वयात विद्यापीठात वर्णसंबंधांचा अभ्यासक्रम घेतला आणि बहिणीची हकिगत त्या लोकांना सांगू लागल्या. १५ एप्रिल २०१० ला प्रांताने डेझमंड यांना मरणोत्तर 'निर्दोष' माफी दिली, म्हणजे गुन्हा मुळात घडलाच नव्हता असं मान्य केलं. त्यावर सही करणाऱ्या नायब राज्यपाल मेयान फ्रान्सिस स्वतः कृष्णवर्णीय होत्या. डेझमंड १९६५ मध्येच वारल्या होत्या. त्या दिवशी समारंभाला रॉब्सन हजर होत्या, वय ८३.