प्रकाशकिरण व स्टेम सेल यांनी बहिरेपणा बरा होतो का?

(जालना येथील आमच्या श्रवणयंत्र केंद्राच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

“मशीन घेण्याऐवजी लेझरचा किंवा स्टेम सेलचा कोर्स केला तर?” असे अनेक ग्राहक मोबाईलवरची जाहिरात दाखवून विचारतात. मशीन विकणाऱ्यानेच याचे उत्तर द्यावे हे जरा अवघड आहे, म्हणून कारणांसह लिहीत आहोत. (स्टेम सेल म्हणजे ज्यांपासून शरीरातील वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी.)

प्रत्येक कानाच्या आतील कॉक्लियात, म्हणजे शंखासारख्या भागात, आवाज टिपून श्रवणनसेकडे पोहोचवणाऱ्या सुमारे १५,००० केशपेशी असतात. रोलिंग मिलमधला आवाज, वाढते वय किंवा अ‍ॅमिकॅसिनसारखी काही इंजेक्शने यांमुळे त्या मरतात. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा तयार होतात, माणसाच्या कानात होत नाहीत. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी बहुधा आधी जातात. त्यामुळे बाजारात “साठ रुपये” म्हटलेले “आठ रुपये” ऐकू येते आणि “आवाज येतो, पण शब्द कळत नाही” अशी तक्रार सुरू होते.

लेझर उपचारात लाल किंवा अवरक्त प्रकाश कानात सोडतात. त्याने पेशींमधील ऊर्जानिर्मिती सुधारते, अशी त्यामागची कल्पना आहे. मोठ्या आवाजाने इजा झालेल्या उंदरांवरील काही प्रयोगांत फायदा दिसला. माणसांवरील, मुख्यतः कानात गुणगुण होणाऱ्या रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय दुखावलेली पेशी सावरणे वेगळे आणि मेलेल्या पेशीच्या जागी नवी येणे वेगळे. जर्मनीतील गॉटिंगेन येथे श्रवणनसेला विजेऐवजी प्रकाशाने चेतवणाऱ्या कॉक्लियर इम्प्लांटवर (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्रावर) संशोधन चालू आहे. त्याचा या लेझर कोर्सशी काहीही संबंध नाही.

स्टेम सेलचे काम अधिक आशादायक आहे, असे आमचे मत आहे. २०१२ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी मानवी भ्रूणाच्या स्टेम सेलपासून तयार केलेल्या पेशी श्रवणनस निकामी केलेल्या जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांच्या कानात सोडल्या, तेव्हा त्यांच्या ऐकण्यात सरासरी ४६ टक्के सुधारणा झाली. परंतु त्यात नसेतील पेशी बदलल्या होत्या, केशपेशी नव्हे. आणि आपल्याकडील बहुतेक ग्राहकांचे नुकसान मुळात केशपेशींचे असते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठराविक आजार वगळता स्टेम सेलचा रुग्णांवर वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो. म्हणून बहिरेपणासाठी कोणी पॅकेजचा दर सांगितल्यास चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा व तो भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीच्या संकेतस्थळावर तपासावा. तो मिळत नसेल तर पैसे देऊ नयेत.

नव्या उपचाराची वाट पाहत मशीन लांबणीवर टाकू नये, कारण मशीन लावल्याने पुढे कोणताही उपचार घेण्यास अडचण येत नाही. मात्र एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांतच ऐकू येणे कमी झाले असेल, तर आमच्याकडे न येता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. अशा वेळी स्टेरॉइडचे औषध लवकर सुरू झाल्यास ऐकणे परत येण्याची शक्यता वाढते.