फुस्तात वस्त्रे

मध्ययुगात मुख्यतः गुजरातेत रंगवून पश्चिमेकडे निर्यात झालेले, पानाफुलांच्या नक्षीचे सुती कापड. ईजिप्तमध्ये कैरोलगतच्या फुस्तात या जुन्या शहराच्या ढिगाऱ्यांत त्याचे तुकडे मोठ्या संख्येने सापडले, म्हणून त्याला हे नाव पडले. ११६८ मध्ये फुस्तात जाळले गेले आणि पुढे त्याचा बराच भाग उकिरडा म्हणून वापरला गेला. तेथल्या कोरड्या मातीत हे सूत टिकले. भारताच्या दमट हवेत त्या काळचे असे कापड जवळजवळ उरलेले नाही.

ज्या भागाला रंग लागू द्यायचा नाही, त्यावर मेणाचा किंवा अन्य रंगरोधक लेप ठशाने वा हाताने देणे, हे या रंगाईचे मर्म होय. निळीचे पिंप थंड असल्यामुळे त्यात मेण वितळत नाही. कापड बाहेर काढले की ते हिरवट-पिवळे दिसते आणि हवा लागताच निळे होते. नंतर लेप काढला, की झाकलेली वेल निळ्या जमिनीवर पांढरी उमटते. तांबड्या रंगासाठी मात्र तुरटीचे पाणी ठशाने लावून कापड मंजिष्ठ ही वेल किंवा आल हे झाड यांच्या मुळ्यांच्या रंगात उकळीत, कारण तुरटीवाचून हा रंग सुतावर पक्का बसत नाही. काळ्या रेषांसाठी तुरटीच्या जागी लोखंडाचे द्रावण वापरीत.

नक्षीत वळणदार वेली, कमळे, गोल फुले, फांद्या पसरलेले वृक्ष आणि क्वचित त्यांच्यामध्ये हंस दिसतात. गुजरातेतील दगडी कोरीवकामाशी आणि जैन हस्तलिखितांतील चित्रांमधील वस्त्रांशी या आकृत्यांचे साम्य आहे. वस्त्र-अभ्यासक आर. फिस्टर यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या कापडांचे मूळ भारतात असल्याचे दाखवले. सुताचा पीळही याला दुजोरा देतो : भारतीय कापसाच्या सुताला सहसा झेड पीळ (तंतूंचा कल इंग्रजी Z अक्षराच्या मधल्या रेघेसारखा) असतो, तर ईजिप्तच्या जवसाच्या (लिनन) सुताला त्याच्या उलट दिशेचा एस पीळ.

हे राजदरबारी वस्त्र नव्हे, आणि त्याचे मोल याच गोष्टीत आहे. अनेक तुकड्यांत ठशांचे सांधे जुळलेले नाहीत, काहींवर शिवण आणि ठिगळेही आहेत. म्हणजे सामान्य माणसे ते अंगावर घालीत, फाटले की शिवीत आणि अखेर टाकून देत. दरबारी कापडाच्या नोंदी पुष्कळ मिळतात, परंतु बाजारात विकल्या गेलेल्या साध्या कापडाचा इतका थेट पुरावा दुर्मिळ आहे.

ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातील ईजिप्तविद्यातज्ज्ञ पर्सी न्यूबेरी यांच्या संग्रहात असे सुमारे १,२०० तुकडे आहेत. त्यांपैकी बरेच कैरोच्या व्यापाऱ्यांकडून आलेले असल्यामुळे ते कोणत्या थरातून निघाले याची नोंद हरवली, ही मोठी हानी होय. किरणोत्सारी कार्बनच्या चाचण्यांनी काही तुकडे दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत मागे नेले आहेत. लाल समुद्रावरील कुसैर अल-कदीम या बंदराच्या उत्खननातही असे कापड मिळाले, तर इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर तोराजा लोकांनी याच परंपरेची लांब वस्त्रे पिढ्यान्‌पिढ्या पवित्र ठेव म्हणून जपली आहेत. कच्छमधील धमडका व अजरखपूर येथील खत्री रंगारी चुना आणि डिंक यांच्या लेपाने अजरख हे ठशांचे कापड छापतात; ते काम याच तंत्राचे आहे.